अत्तराचा वाढदिवस

धाकट्या जावेच्या लेकीच्या, तुळजाच्या, सातव्या वाढदिवसाला पाण्याचं काहीच ठेवायचं नाही, हे केसरबाईनं आधीच ठरवून टाकलं होतं. टँकर दिवसाआड येतो म्हणता म्हणता आठवड्यावर गेला होता. आळीतली पोरं जमवायची, सरबत करायचं, त्यांचे चिकट हात धुवायचे, म्हणजे रांजणाचा तळ दिसायचा. म्हणून तिनं अत्तर काढलं. तिच्या बचत गटाच्या बायका उदबत्त्या वळायच्या, त्यामुळं गुलाब, मोगरा, केवडा, वाळा, चंदन, हिना असे सगळे वास घरात बरण्यांतून भरलेले होते. अंबाजोगाईहून बोटाएवढ्या रिकाम्या बाटल्या मागवल्या, बिनवासाचं तेल घेतलं, आणि पोरांना सांगितलं की ज्यानं त्यानं आपलं अत्तर आपण करायचं आणि घरी घेऊन जायचं. फुलं तर औंदा कुणी पाहिलीच नव्हती. निदान वास तरी मिळेल.

पण हा वाढदिवस एवढ्या थाटात करण्यामागं दुसरंही एक कारण होतं, आणि ते केसरबाईच्या मनाला सकाळपासून टोचत होतं.

आदल्या संध्याकाळी तिचे यजमान अर्जुनराव दूध संस्थेतून आले ते चहा न घेताच ओसरीवर बसले. गावच्या संस्थेचे ते चेअरमन. संस्थेचं दूध दर दुसऱ्या दिवशी नासत होतं आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता.

"मुक्ताला तूच बोल," ते म्हणाले. "मी थोरला दीर. माझं बोलणं बरं दिसणार न्हाई."

"काय बोलू?"

"सात वर्षं झाली. आता कायद्यानं धोंडीराम न्हाई असं धरता येतं. तिनं एकदा धारूरच्या कोर्टात उभं राहून सांगितलं की त्याच्या नावावरचं सडकेचं रान मोकळं होतं. तिथं दूध थंड करायचं केंद्र उभं ऱ्हाईल. चारा न्हाई, पानी न्हाई, लोकांच्या हातात दूध तेवढं हाय. तेबी नासून चाललंय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. केसरबाई म्हणाली, "पोरीचा वाढदिवस होऊ द्या. मंग बोलते." मुक्ताबाईच्या भावाला, रामकिसनला, अर्जुनरावांनी वडवणीहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तोही त्यांच्याच बाजूचा होता. राहता राहिले सासरे हरिबा. पण धाकटा लेक गेल्यापासून ते कशातच बोलत नसत. म्हणजे घरात मुक्ताबाई एकटीच होती, आणि हे सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं झालं होतं, याचंच केसरबाईला वाईट वाटत होतं.

धोंडीराम गेला तो मागच्या दुष्काळात. संस्थेनं डोंगराच्या पायथ्याला, पाझर तलावाच्या काठी जनावरांची छावणी उघडली होती. घरची जनावरं घेऊन धोंडीराम तिथं राहत होता. मुक्ताबाईचे दिवस भरत आले तसा त्यानं निरोप धाडला, दादा, मी दोन दिवस घरी येतो. अर्जुनरावांनी उलट निरोप दिला की चेअरमनचाच भाऊ छावणी सोडून आला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं थांबवू. त्यानंतर तीन-चार दिवसांनी जनावरं आपली आपण गावात आली. पुढं लाल्या बैल, मागं गाई, आणि लाल्याच्या गळ्यात अर्धा तुटलेला कासरा. धोंडीराम मात्र आला नाही. मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्यानं सांगितलं की घोंगडीवाला एक माणूस ट्रकात बसून गेला. रागावून गेला, येईल राग शांत झाल्यावर, असं सगळे म्हणाले. त्याच आठवड्यात तुळजा जन्मली.

मुक्ताबाईनं कुंकू पुसलं नाही की मंगळसूत्र काढलं नाही. धोंडीरामचे कपडे पेटीत होते, पण त्यांना आता नुसत्या डांबरगोळ्यांचा वास यायचा.

दुपार कलली तशी पोरं जमली. ओसरीवर सतरंजी टाकून केसरबाईनं बरण्या मांडल्या. मुक्ताबाई रव्याचे लाडू वाटत होती. रामकिसन खांबाला टेकून मोबाईल बघत होता. गोठ्याजवळच्या बाजेवर हरिबा पाठ करून निजले होते.

"एकेक थेंब टाकायचा," केसरबाई सांगत होती. "टाकला की हुंगायचा. आवडला तर ठेवायचा. नाक थकलं की आपल्याच बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे पुन्हा नीट कळतं."

पोरं खुशीत आली. एकीनं नुसता गुलाबच भरला. एकानं सगळ्या बरण्यांतलं थोडं थोडं घातलं आणि हे हेडमास्तरचं अत्तर म्हणून सगळ्यांच्या नाकाशी नेलं, तशी पोरं हसून लोळली. मुक्ताबाईही हसली. किती दिवसांनी हसली, असं केसरबाईच्या मनात आलं आणि संध्याकाळी जे बोलायचं होतं ते तिला आणखीच नकोसं झालं.

तुळजा मात्र हसत नव्हती. तिनं हिन्याचे दोन थेंब टाकले, हुंगलं, आणि मान हलवली.

"आवडलं न्हाई का गं?" केसरबाईनं विचारलं.

"आवडायचं न्हाई, मोठ्याई. जुळायचंय."

ती उठली, बाजेपाशी गेली आणि आजोबांच्या चंचीतून चिमूटभर तंबाखू घेऊन आली. तंबाखू तेलात चुरगाळली. मग देवळीतलं कडुनिंबाचं तेल मागितलं. मग गोठ्यात गेली आणि जनावरांच्या जखमेला लावायच्या काळ्या मलमाचं बोट भरून आली. बाकीची पोरं नाकं मुरडायला लागली. तुळजा दर वेळेला बाटली नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून न्हाई आला."

"कोण न्हाई आला?" रामकिसननं हसत विचारलं.

तिनं बाटलीला बूच लावलं, तळहातांत धरून हळूहळू चोळली, जसं थंड झालेलं लेकरू ऊब द्यायला चोळावं तसं. मग बूच काढलं आणि बाटली केसरबाईपुढं धरली.

"आता बघ."

केसरबाईनं हुंगलं आणि तिच्या हातातली बरणी खाली टेकली. बाजारच्या दिवशी कानामागं हिना लावून, तंबाखूची पिंक टाकून, गोठ्यात वाकून मलम लावणारा दीर तिच्यापुढं उभा राहिला. नुसती आठवण नव्हे. माणूस दारातून आत आला की नजर जायच्या आधी अंगाला जसं कळतं, तसं तिला कळलं. आणि त्या वासाच्या तळाशी आणखी एक वास होता, भिजलेल्या लोकरीचा. पावसात चिंब झालेल्या घोंगडीला येतो तो. तिनं सतरंजीवर पाहिलं. लोकर कुठंच नव्हती. घरात भिजलेलं म्हणावं असं कापडसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात गोठ्यात खुरांचा आवाज झाला. लाल्या, जो आता म्हातारा होऊन दिवसभर बसूनच असायचा, उठून उभा राहिला होता. मान ताणून, नाकपुड्या फुगवून तो ओसरीकडं बघत होता आणि खुंट्याला हिसका देत होता. हरिबा बाजेवर उठून बसले.

"मुक्ता," केसरबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "इकडं ये जरा."

मुक्ताबाईनं बाटली नाकाशी नेली. ती रडली नाही. दोन्ही हातांनी बाटली धरून भिंतीशी खाली बसली आणि परत परत हुंगत राहिली. केसरबाईनं सगळ्यांच्या हातात लाडू आणि बाटल्या देऊन त्यांना घरी लावून दिलं.

मग ती तुळजासमोर बसली. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई."

"तू तर बाबाला बघितलं न्हाईस, बाळा. मंग त्याचा वास कुठं घेतला?"

"बाबाचा हाय व्हय हा?" तुळजानं नवल वाटून विचारलं. "टँकरच्या लायनीत असतो तो माणूस. माझ्या मागं उभा ऱ्हातो. वळून बघितलं की दिसत न्हाई, पर वास येतो. कळशी उचलताना खालून हात लावतो."

मुक्ताबाईनं मान वर केली. "भरली कळशी तू आणतीस ती..."

"मला कुठं उचलतीया, आई. त्योच उचलतो."

"बोलतो का काही?"

"न्हाई. वला असतो नुसता. माझी पाठ भिजती."

मुक्ताबाई आणि केसरबाईनं एकमेकींकडं पाहिलं. टँकरच्या दिवशी पोरीच्या झग्याची पाठ दर वेळेला ओली असायची. कळशी हिंदकळून भिजत असेल, असंच दोघींना वाटत आलं होतं. पण कळशी तर ती कमरेवर आणायची.

रामकिसन पुढं आला. "ताई, हे बरं न्हाई. लेकराच्या डोक्यात असलं कावून भरवलंस? उद्या कोर्टात जायचं न्हाई तर सरळ न्हाई म्हन."

"कसलं कोर्ट?" मुक्ताबाई म्हणाली.

तेव्हा केसरबाईला समजलं की आपण बोलायचं राहिलं ते याच्या तोंडून गेलं. ती काही म्हणणार तोच अर्जुनराव दारातून आत आले. ओसरीवरचं सगळं चित्र बघून ते जागीच थांबले. रामकिसननं त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा आधी वैतागला, मग कडक झाला.

"आण ती बाटली," ते म्हणाले.

मुक्ताबाईनं पदर पुढं ओढून बाटली केसरबाईच्या हाती दिली, तिनं ती नवऱ्याला दिली. अर्जुनरावांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. बाहीला नाक लावलं आणि तिसऱ्यांदा हुंगलं.

"काहीच वास न्हाई हिला," ते म्हणाले.

"असं कसं," रामकिसन म्हणाला. त्यानं बाटली घेतली, हुंगली, आणि त्याचा रंग उतरला. धोंडीराम त्याचा मेहुणा. लग्नात दोघं एकाच ताटात जेवले होते. त्यानं बाटली मुकाट्यानं परत दिली आणि लांब जाऊन उभा राहिला. आता त्याच्या तोंडून पोरीला कुणी शिकवलं हे निघेना.

"तुला येतो?" अर्जुनरावांनी विचारलं.

"येतो, दाजी."

"तुला?" त्यांनी केसरबाईला विचारलं.

"लाल्याला येतोय," ती म्हणाली. "माझं काय विचारता."

अर्जुनराव बाटली घेऊन अंगणात गेले. उजेडात धरली, हालवली, बोटावर तेल घेऊन मनगटाला चोळलं. केसरबाई बघत होती. संस्थेच्या सभेत भल्याभल्यांना गप्प बसवणारा माणूस मनगट नाकाशी धरून लेकरासारखा उभा होता.

"मलाच कावून येत न्हाई?" त्यांनी हळू विचारलं.

याचं उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते तिनं दिलं नाही. त्या निरोपाची गोष्ट त्यांच्या दोघांतच राहिली होती आणि ती काढायची ही वेळ नव्हती.

तोवर हरिबा बाजेवरून उठून ओसरीच्या कडेला आले होते. त्यांनी बाटली हुंगलीच नाही. नातीच्या पाठीवर हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"वला असतो म्हनती न्हवं?" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज घरात उमटला, त्यामुळं सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. "मंग त्यो पाण्यात हाय."

"आबा, त्यो ट्रकात बसून गेला," अर्जुनराव म्हणाले. "मांजरसुंब्याला लोकांनी बघितलाय त्याला."

"घोंगडीवाला कुणीतरी बघितला. माझा धोंडीराम बघितला असं कोन म्हनलं?"

अर्जुनरावांनी मनगट पुन्हा नाकाशी नेलं.

"छावणीचा तलाव औंदा आटलाय," हरिबा म्हणाले. "मागच्या खेपंला पार आटला नव्हता. लोक गाळ न्यायलेत. सगळा गाळ वाहून जायच्या आत बघावं लागंल."

"लेकराच्या बोलण्यावर आपण तलाव उकरायचा? गाव काय म्हणंल, आबा?"

मुक्ताबाई उभी राहिली. दिरापुढं ती कधी तोंड उघडत नसे. तिनं आताही त्यांच्याकडं पाहिलं नाही, केसरबाईकडं पाहून बोलली.

"अक्का, दादांना सांगा. तिथं ते सापडले तर मी धारूरला येईन. म्हनतील तिथं उभी ऱ्हाईन. पर न बघता माझ्या तोंडानं ते न्हाईत असं मी म्हणणार न्हाई."

अर्जुनराव बायकोकडं वळले. ती आपल्या बाजूनं बोलेल, अशी त्यांची खात्री होती. सगळी वर्षं ती त्यांच्याच बाजूनं बोलत आली होती. बरोबर असतील तेव्हाही आणि नसतील तेव्हाही.

"सकाळी जीप काढा," केसरबाई म्हणाली. "मीबी येते."

"तूबी?"

"मीबी."

त्या रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. पहाटे तुळजाला शेजारच्या गीताबाईकडं सोडून पाचही जणं निघाली. अर्जुनराव गाडी चालवताना मधूनच मनगट नाकाशी न्यायचे.

तलावाचं सगळं पोट उघडं पडलं होतं. भेगा एवढ्या रुंद की पाय जाईल. एका बाजूनं जेसीबी गाळ उचलत होता आणि ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. अर्जुनरावांना बघून उत्तरेश्वर नावाचा मशीनवाला खाली उतरला.

"चेअरमनसाहेब, गाळ पाहिजे काय रानाला?"

"जनावरं पाण्यावर जायची ती जागा कुठली होती?" हरिबांनी विचारलं.

उत्तरेश्वरनं बांधाखालच्या कोपऱ्याकडं हात केला. "तिकडं. पर तिकडं मशीन नेत न्हाई मी. बुडतं. सगळा तलाव खापरासारखा वाळलाय, तेवढाच तुकडा वला ऱ्हायलाय. कावून त्ये कळंना."

ते तिकडं चालत गेले. वाळलेल्या भेगांच्या मधोमध बैलगाडीएवढी जागा काळीभोर आणि ओली होती. वर पाणी नव्हतं, पण चिखल ताजा दिसत होता, आत्ताच कुणीतरी घागर ओतून गेल्यासारखा. केसरबाईला तिथं पोचायच्या आधीच वास आला. हिन्याचा नाही, तंबाखूचा नाही. नुसता भिजलेल्या लोकरीचा. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं, पण त्यांनी धोतर वर खोचलं आणि रामकिसनच्या हातातून फावडं ओढून घेतलं.

बराच वेळ ते एकटेच उकरत होते. रामकिसन मदतीला उतरला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. कमरेइतकं खोल गेल्यावर फावड्याला कासरा लागला. दुसरा अर्धा. तो लाल्याच्या गळ्यातून तुटलेला होता, आणि त्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलेलं होतं. मनगटावर धोंडीरामचं चांदीचं कडं होतं. गाळात फसलेल्या बैलाला ओढायला तो उतरला होता. बैल कासरा तोडून निघून गेला आणि माणूस तिथंच राहिला.

अर्जुनराव खड्ड्यातच खाली बसले. त्यांनी हातानं गाळ बाजूला करायला सुरुवात केली. तोंडानं एकच म्हणत होते, "ये म्हणलो असतो तर आला असता. ये म्हणलो असतो तर." कुणी त्यांना थांबवलं नाही. रामकिसननं गावच्या पोलीस पाटलाला, गहिनीनाथला, फोन लावला. पंचनामा झाल्याशिवाय कशाला हात लावू नका, असं तो पलीकडून ओरडून सांगत होता.

मुक्ताबाई खड्ड्यात उतरली. आजूबाजूला गाळवाले जमले होते. त्यांनी टोप्या काढल्या. तिनं त्या माणसाच्या अंगावरची घोंगडी हळूच सोडवून घेतली. इतकी वर्षं मातीत राहून तिच्या चिंध्या व्हायला हव्या होत्या. ती अख्खी होती, आणि पिळली तर धार लागेल इतकी ओली.

"ताई, पाटील म्हणतोय हात लावू नका," रामकिसन म्हणाला.

"सांग त्याला, लावला म्हणावं."

ती घोंगडी छातीशी धरून वर आली. केसरबाईनं दुसरं टोक धरलं. दोघींनी ती बांधाच्या दगडांवर पसरली, चारी कोपऱ्यांना धोंडे ठेवले आणि बाजूला बसल्या. ऊन चढायला लागलं होतं. लोकरीतून वाफ निघत होती. खाली खड्ड्यात हरिबा थोरल्या लेकाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

बऱ्याच वेळानं सडकेवर पाटलाची मोटारसायकल दिसली. रामकिसन उठून म्हणाला की ते येतायत, आता घोंगडी होती तिथं ठेवायला पाहिजे.

मुक्ताबाईनं काठावर हात फिरवून पाहिला. कडा वाळल्या होत्या, मधला भाग अजून ओला होता.

"थांबू दे त्यांना," ती म्हणाली. "सात वर्षं भिजलाय माणूस. जरा ऊन लागू द्या."